युगांडाला बोअर मारायला जाऊ का?

या सदरात एरवी सोसायटीची बोअर आटली, टाकीला शेवाळ धरलं, पाण्याला वास येतो, असे प्रश्न येतात. या महिन्यात तीन पत्रं युगांडातल्या बोअरबद्दल आली. त्यातलं पहिलं आणि तिसरं एकाच घरातून आलं असावं अशी मला दाट शंका आहे, पण दोघींनीही नाव घातलेलं नाही, तेव्हा मीही चौकशी करत नाही.

पत्र पहिलं

ताई, सलाम. मी २६ वर्षांची, वानवडीत राहते, खराडीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्या चर्चमधले चौदा जण बारा दिवसांसाठी युगांडाला बोअर मारायला चालले आहेत. तिथल्या एका खेड्यात बायका दोन-दोन किलोमीटरवरून डोक्यावर कॅन आणतात. प्रत्येकी एक लाख नव्वद हजार भरायचे, त्यातच तिकीट, राहणं आणि बोअरचा खर्च. साठ हजार मी साठवलेत, बाकीचे मंडळीतले लोक द्यायला तयार आहेत. पाळकसाहेब म्हणतात हे पाचारण आहे, म्हणजे देवाचं बोलावणं. भाऊ म्हणतो हे फोटोसेशन आहे, पुण्य करायचं तर पुरंदरला जा, तिथे टँकर चालू आहेत. मला बोअरमधलं काही कळत नाही. मी जाऊ का? – एक वाचक, वानवडी

उत्तर

तुला ‘तू’च म्हणते. पाचारणाचा निवाडा करायला मी पाळक नाही. आणि फोटोंचं म्हणशील तर अशाच सहलीचे साठ-सत्तर फोटो माझ्या कपाटात आहेत. २०१२ साली मीही गेले होते. पुण्यातलेच आम्ही सोळा जण, युगांडाच्या पूर्वेला सोरोटी म्हणून गाव आहे, त्याच्या पुढे तासाभरावर. मी तेव्हा नोकरीत होते, रजा टाकून गेले. सोळांत बोअरमधलं कळणारी मी एकटी. म्हणून तुझ्या पत्रातलं ‘मला बोअरमधलं काही कळत नाही’ हे वाक्य मला सगळ्यात आवडलं. आमच्यातल्या पंधरा जणांनी ते शेवटपर्यंत कबूल केलं नव्हतं.

रिग भाड्याची होती. आपल्याकडे गल्लीत बोअरची गाडी येते आणि सगळ्यांच्या खिडक्यांवर पांढरी धूळ बसते, तसलीच: कॉम्प्रेसरचा वारा खाली, टोकाला हॅमर, खडकाचा भुगा वर. ड्रिलर तिथलाच, पन्नाशीचा, गमबूट घातलेला. आमच्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी लिव्हर ओढायचा होता. रॉड जोडायला दोन हात पुढे येत, फोटो काढायला चार. तिसऱ्या रॉडला त्यानं रिग बंद केली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या माणसांनी पाइपला हात लावला की मी बोटं मोजतो.” त्यानंतर आम्ही आंब्याच्या सावलीत बसलो. त्यानं आणि त्याच्या तीन पोरांनी दिवस मावळायच्या आत बावन्न मीटर उतरवलं. पाणी लागलं. आम्ही गाणी म्हटली, रडलो. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

पाणी लागलं की पेढे वाटायची आपली रीत. पण तिथून पुढचं काम जास्त किचकट आणि अजिबात फोटोजोगं नसतं. वरच्या ठिसूळ थरात केसिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून आधाराचा पाइप बसवायचा, गरज असेल तिथे जाळीचा पाइप आणि भोवती बारीक खडी घालायची, जमिनीलगत पाइपाभोवतीची फट सिमेंटनं बंद करायची म्हणजे वरचं घाण पाणी आत झिरपत नाही, मग तासन्‌तास वारा मारून बोअर स्वच्छ होईपर्यंत धुवायची, उपसा करून किती पाणी टिकतं ते बघायचं, नमुना तपासायचा, आणि मग ओटा, सांडपाण्याची चारी, हापसा. आमच्या वेळापत्रकात यातल्या निम्म्या गोष्टींना जागाच नव्हती, कारण शनिवारी नाईल बघायला जायचं होतं आणि रविवारी उपासनेत बोअर अर्पण करायची होती. रविवारी ती अर्पण झाली. ओट्यावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसली.

२०१४च्या जानेवारीत मुलाकडे नैरोबीला गेले होते, तिथून बसनं एकटीच पुन्हा त्या खेड्यात गेले. कुणाला कळवलं नव्हतं. हापसा चालू होता, पण ओटा कोरडा ठाक होता आणि दांड्याला एक शेळी बांधलेली होती. बायका पूर्वीसारख्याच खालच्या झऱ्यावर चालल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर एकीनं काही न बोलता मला घरी नेलं, आमच्या बोअरचं पाणी उकळलं, चहाची पूड टाकली आणि कप माझ्या हातात दिला. चहा दौतीतल्या शाईसारखा निळा-काळा. मग तिनं बीन्सचं भांडं उघडून दाखवलं, तेही काळं. मुलाचा शाळेचा सदरा दाखवला, पांढऱ्याचा तांबूस झालेला.

यात खडकाचा फारसा दोष नव्हता. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, तर तिथला ग्रॅनाइट-नाइस जातीचा खडक त्याच्या कित्येक पटींनी जुना. त्यातलं पाणी पुष्कळदा आंबट असतं, म्हणजे त्याचा पीएच कमी असतो. अशा पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप सोडला की आधी मुलामा जातो, मग लोखंड विरघळायला लागतं. लोह चहातल्या टॅनिनला भेटलं की शाई होते. जुन्या काळी शाई करायचेच तशी. लोखंडाऐवजी स्टेनलेसचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा पाइप घातला असता तर बाईंचा चहा नीट झाला असता. कागदाची पट्टी पाण्यात बुडवून रंग बघायला एक मिनिट लागतं. मी भूवैज्ञानिक, बोअरवर हजर, आणि पट्ट्यांचा डबा पुण्यात टेबलावर विसरलेली. हे मी या सदरात आजवर लिहिलं नव्हतं.

पाइप बदलायला पैसे कोण देणार, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. आणि हे काही आमच्या एका बोअरपुरतं नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यानं २००९ साली सहाराच्या दक्षिणेकडच्या वीसेक देशांतली माहिती एकत्र केली, तेव्हा साधारण ३६ टक्के हातपंप बंद असल्याचा अंदाज निघाला. बंद म्हणजे खाली पाणी नाही असं नव्हे, पुष्कळदा वरचंच काहीतरी मोडलेलं असतं.

आफ्रिकेला नावं ठेवण्याआधी आपल्या घरातलं सांगते. साठच्या दशकात जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशननं खडक फोडणाऱ्या रिग आणल्या आणि मराठवाड्यात बोअरी मारायला सुरुवात केली. माझे वडील मिशनच्या अशाच एका गाडीवर फिटर होते. बोअरी झाल्या, पण वर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप परदेशात एकेका शेतघरासाठी बनवलेल्या पंपांच्या नकला होत्या. त्यावर अख्खं गाव हापसायला लागलं की महिना-दोन महिन्यांत दांडा मोडायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा आपल्याकडचे चारांतले तीन हापसे बंद निघाले होते. मिशनच्या लोकांनी आणि इथल्या कारागिरांनी मग पोलादाचा ‘जालना पंप’ जुळवला, सोलापूरला त्याच कामातल्या मंडळींनी चेन आणि बेअरिंग घालून ‘सोलापूर पंप’ केला, आणि त्यावरून युनिसेफ, सरकार आणि कारखानदारांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. तुझ्या शाळेच्या वाटेवर जो हिरवट-निळा हापसा होता ना, तोच. युगांडात त्याला ‘यू-टू’ म्हणतात. सोरोटीजवळ मी पहिल्यांदा त्याचं झाकण उघडलं आणि आत ती चेन दिसली, तेव्हा वडिलांच्या हातांना येणारा ग्रीसचा वास मला तिथे आला. सांगायचा मुद्दा, मिशनचं त्यातलं मोठं काम बोअरी मारणं नव्हे. मोडलेला हापसा का मोडला हे बघत बसणारी माणसं तिथे वर्षानुवर्षं राहिली, त्यातून तो पंप झाला. बारा दिवसांत ते होणारं नव्हतं.

आता हिशेब कर. चौदा गुणिले एक लाख नव्वद म्हणजे सव्वीस लाख साठ हजार. पाळकसाहेबांना विचार, यातलं विमानात किती, हॉटेलात किती आणि जमिनीत किती. रागावून विचारू नकोस, टेस्टर विचारते तसं विचार. बोअर कोरडी गेली तर दुसरीचे पैसे धरलेत का? जागा भूवैज्ञानिकानं यंत्र लावून दाखवली आहे की कुणाच्या सोयीनं ठरली आहे? (आपल्याकडे नारळ हातावर ठेवून फिरणारा पाणाड्या असतो, तिकडेही त्याचे भाऊबंद आहेत.) ड्रिलरकडे तिथल्या सरकारचा परवाना आहे का? युगांडात तो लागतो. पाणी कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार? हा प्रश्न फालतू समजू नकोस. बांगलादेशात सत्तर-ऐंशीच्या दशकांत चांगल्याच हेतूनं लाखो कूपनलिका मारल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ पाण्यात आर्सेनिक आहे हे १९९३मध्ये कळलं. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराइडनं दात पिवळे आणि हाडं वाकडी झालेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. त्या बोअरींनाही पहिल्या दिवशी नारळ फुटलाच होता.

आणि जागा कुणाची, हे नक्की विचार. बोअर चर्चच्या आवारात होणार असेल तर तू उभी राहून नको म्हण. पुण्याच्या मुलीला यासाठी लांबचा दाखला नको. गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. कुंपणाच्या आतलं पाणी देणाऱ्याला कधीच कुंपणाच्या आतलं वाटत नाही. ते बाहेर उभ्या असलेल्या बाईला वाटतं. तिथल्या खेड्यातही मुसलमान असतील, दुसऱ्या पंथाचे ख्रिस्ती असतील, पाळकाशी भांडलेलं एखादं घर असेल.

तू बायबल वाचतेस म्हणून एक विचारते. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाई भेटते, तिथे आधी पाणी कोण मागतं? प्रभू येशू मागतो. बाई त्याला ऐकवते की विहीर खोल आहे आणि तुझ्याजवळ पोहरासुद्धा नाही. पाणी कसं काढायचं ते तिला माहीत होतं, त्याला नाही. आमच्या सोळा जणांत कुणीही, मी धरून, त्या खेड्यातल्या एकाही बाईला पहिल्या दिवशी काही विचारलं नव्हतं. झरा सोडून त्या इकडे येतील का, किती वाजता येतील, चढ जमेल का, दांडा गरोदर बाईला पेलेल का. आम्ही विहीर खोदायला निघालेलो होतो, पाणी मागायला नाही.

भावाला सांग, तो निम्मा बरोबर आहे. फोटोसेशनचं बरोबर. पुरंदरचं चूक, कारण टँकरच्या गावाला आणखी एक बोअर हे औषध नव्हे. तिथे बोअरी कमी नाहीत, जास्त आहेत, आणि दर वर्षी आणखी खोल चालल्या आहेत. तिथे पाणी अडवायचं आणि मोजून उपसायचं काम आहे, त्याला विमानाचं तिकीट लागत नाही आणि पाटीही बसत नाही. त्याला खरंच यायचं असेल तर मला कळवू दे, माझ्याकडे त्याच्यासाठी मेपर्यंतचं काम आहे.

तुझं म्हणशील तर, जा. पण बोअर मारायला जाऊ नकोस. तू टेस्टिंग करतेस. तुझ्या धंद्यात सॉफ्टवेअर बनवणारे वेगळे आणि ते कुठे मोडतं ते शोधणारे वेगळे, कारण बनवणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. बोअरला हे दुसरं माणूस कुणी ठेवतच नाही. चर्चला म्हणावं, चौदांऐवजी चौघं-पाचजणं जातो, वाचलेले पैसे तिथल्या ड्रिलरला, पाइपांना आणि पुढच्या पाच वर्षांच्या दुरुस्तीला द्या. आणि त्याच यजमान संस्थेनं मागे मारलेल्या बोअरींची यादी माग. यादी मिळाली नाही तर ते उत्तरच आहे, पैसे परत घे.

मिळाली तर वही घेऊन प्रत्येक हापशावर जा. सकाळी पहिल्या बाईच्या आधी पोच. दांडा मारत मोज: कितव्या हापशाला पाणी आलं? चार-पाचात आलं तर ठीक, वीस-पंचवीस लागले तर रात्रीत पाइपातलं पाणी खाली उतरतंय, म्हणजे खालचा व्हॉल्व्ह नाहीतर पाइप गळतोय. मग बादली लावून सलग चाळीस हापसे मार. बारा लिटरच्या आसपास भरलं तर वॉशर शाबूत आहेत. निम्मंच भरलं तर वॉशर झिजलेत. पाणी पांढऱ्या कपात घेऊन तासभर ठेव, तांबूस होतं का बघ. पट्टी बुडव. दुरुस्तीचे पैसे कोण गोळा करतं, वही कुणाकडे आहे, शेवटचा वॉशर कधी बदलला, मेकॅनिक कुठे राहतो, त्याला सुटे भाग कुठल्या गावात मिळतात, हे त्या बाईकडून लिहून घे. आणि चहा माग. चहा काळा झाला तर मला निराळं सांगायला नको.

आमच्या त्या बोअरचं पुढे काय झालं, हे तू विचारणारच. सायकलच्या दांडीला पाने बांधून हिंडणारा एक मेकॅनिक मला तिथेच भेटला. आम्ही पाच-सहा जणांनी पुण्यातून पैसे पाठवले, त्यानं तीन दिवसांत पाइप बदलले. याचा फोटो माझ्याकडे नाही.

पत्र दुसरं

मी ६१ वर्षांचा, कोथरूडचा, भोसरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये पस्तीस वर्षं काढली. कंपनीतले एक ख्रिस्ती मित्र त्यांच्या चर्चबरोबर युगांडाला बोअरच्या कामाला चला म्हणतात. मला जायचंय. घरी सगळे विरोधात, ‘तिकडे नेऊन बाटवतील’ म्हणतात. शेजारचेही कुजबुजतात. शिवाय माझा काही उपयोग होईल का, की या वयात अडगळ होईल? – एक वाचक, कोथरूड

उत्तर

शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका, पुण्यात ही परंपरा आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा-बिस्किटं घेतली, त्यांची नावं छापून आली आणि केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण झालं! टिळक आणि रानडे दोघंही त्या यादीत. चहानं कुणी बाटलं नाही. तुम्हीही हापसा दुरुस्त करून बाटणार नाही.

पण तुमच्या घरच्यांची शंका मी झटकून टाकत नाही, कारण मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि आमच्यातले काही लोक पाण्याबरोबर प्रवचन बांधून देतात हे मला माहीत आहे. मला ते पटत नाही. मित्राला सरळ विचारा: दिवसाचा कार्यक्रम काय, सकाळच्या प्रार्थनेत मी नुसता बसलो किंवा बाहेर चहा पीत थांबलो तर चालेल का, गावातल्यांना पाणी भरायच्या आधी काही ऐकावं लागतं का? पहिल्या दोन प्रश्नांना तो हसून हो म्हणाला आणि तिसऱ्याला चटकन नाही म्हणाला, तर बिनधास्त जा. तिसऱ्याला तो घुटमळला तर जाऊ नका, आणि का जात नाही तेही त्याला सांगा.

उपयोगाचं म्हणाल तर चौदा पोरांपेक्षा तुम्ही एकटे भारी पडाल. इंडिया मार्क टू हापशाची गंमत अशी की वॉशर असतो मुठीत मावेल एवढा, आणि तो बदलायला अख्खा पाइप वर काढावा लागतो. तीन-तीन मीटरचे तुकडे, प्रत्येकाच्या आत सळई. क्लॅम्प लावायचा, एक तुकडा उचलायचा, खालचा धरून ठेवायचा, वरचा सोडवायचा, परत. चार-पाच माणसं आणि दिवस लागतो. मध्ये क्लॅम्प सुटला तर उरलेला सगळा पाइप बोअरच्या तळाशी, आणि मग गळ टाकून बसा. माझे वडील सांगायचे, वॉशर बसवण्याआधी रात्रभर तेलात मुरवायचा. कोरडा चामडी वॉशर घाईनं घातला की आठ दिवसांत बोंब. हे सगळं पुस्तकात असतं, पण आटे खाल्लेत की नुसता गंज बसलाय हे हाताला कळावं लागतं, आणि ते पस्तीस वर्षांच्या हाताला कळतं. मार्क थ्रीमध्ये, म्हणजे तिकडच्या यू-थ्रीत, पाइप न काढता वॉशर वर घेता येतो. मोठ्या आकाराच्या पाइपामुळे तो महाग पडतो.

तिथल्या मेकॅनिकला शिकवायला जाऊ नका एवढंच. त्याच्या हाताखाली दोन आठवडे काढा. त्याच्याकडे आटे पाडायची डाय नसेल, चांगला पाइप-पाना नसेल, ते बघून घ्या आणि पुण्यात आल्यावर पाठवा. बुधवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत असेल काय मिळतं ते.

पिवळ्या तापाच्या लशीचं मात्र डॉक्टरांशी नीट बोला. साठीनंतर तिचे गंभीर त्रास क्वचित, पण तरुणांपेक्षा जास्त होतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ते आधी सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर ऐका. मेकॅनिकला डाय कुरिअरनंही पोचते.

पत्र तिसरं

मुलगी युगांडाला जायचं म्हणते आहे. कावीळ होते म्हणे तिकडे, त्याची लस घ्यावी लागते? मलेरियाचं काय? ती खाण्याची फार चोखंदळ आहे. मी नको म्हणू का? – एक आई, वानवडी

उत्तर

पिवळा ताप आणि कावीळ या दोन वेगळ्या गोष्टी. पिवळा ताप डासानं होतो, आणि युगांडात जायला त्याच्या लशीचा दाखला लागतो. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, कारण दाखला दहा दिवसांनी लागू होतो. तो आता जन्मभर चालतो. ती पिवळी पुस्तिका पासपोर्टबरोबर ठेवायला सांगा. परत येताना भारतातही बघतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. मी एका गृहस्थांना ती चेक-इनच्या बॅगेत टाकताना पाहिलंय. हातातल्या पिशवीत ठेवायची.

मलेरिया तिकडे बारा महिने. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशा, जाण्याआधी सुरू करून परत आल्यावरही सांगतील तितके दिवस. बहुतेक जण पुण्यात उतरले की बंद करतात, तिथेच फसतात. परतल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘युगांडाला गेले होते’ हे सांगायचं.

खाण्याची काळजी नको. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, बरोबर बीन्स. मटोके म्हणजे उकडलेली हिरवी केळी. लसणाची चटणी द्या, वाटून खाईल. पाणी बाटलीतलं नाहीतर उकळलेलं, नव्या बोअरचंसुद्धा.

आणि नको म्हणू नका. तिला एक वही द्या, जाड पुठ्ठ्याची. पीएचच्या पट्ट्या मी देईन, मासिकाच्या पत्त्यावर कळवा म्हणजे डबा पाठवते. उघडल्यावर लगेच घट्ट बंद करायला सांगा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात.